आईचा जुना ब्रिज बदलायचा आहे : बिनधातूच्या कॅप आणि ब्रिजचे अनुभव हवेत

केवडा
नमस्कार मंडळी. आई ६६ वर्षांची, सांगलीला असते. खालची डावी मोठी दाढ २००८ मध्ये काढावी लागली, तेव्हा तिच्या मागची दाढ आणि पुढची उपदाढ तासून तीन दातांचा ब्रिज बसवला होता, म्हणजे त्या दोघींवर कॅप आणि मधे त्यांना जोडलेली खोटी दाढ. आत धातू, वरून पोर्सेलिन. इतकी वर्षं काही तक्रार नव्हती. गेल्या महिन्यात भडंग खाताना मधल्या दाढेचा टवका उडाला आणि आतला काळपट धातू दिसायला लागला. तेव्हापासून जीभ सारखी तिथे जाते म्हणते, कडेला धारही लागते.

वरच्या पुढच्या एका दाताला त्याच सुमाराची कॅप आहे. तिच्या मुळाशी, हिरडीला लागून निळसर काळी रेघ आली आहे. आई त्यामुळे ओठ मिटून हसते. माझ्या लग्नाचा अल्बम परवा पुन्हा पाहिला. त्यात ती कुठेच मोकळी हसलेली नाही, हे मला इतक्या वर्षांत जाणवलं नव्हतं.

अजून एक. इमिटेशनचे कानातले घातले की तिची पाळी लाल होते, खाज सुटते. ब्रिजच्या कडेची हिरडीही कायम लाल, ब्रश लागला की रक्त. याचा आतल्या धातूशी संबंध असेल का?

एका डॉक्टरांनी झिर्कोनिया (बिनधातूचं, सिरॅमिकच्या जातीचं) सुचवलं, दर दाताला ९,००० रुपये. दुसऱ्या म्हणाल्या, दाढेला धातूच बरा, सिरॅमिक फुटतं. कुणी बिनधातूचा ब्रिज दाढेला बसवला आहे का? किती वर्षं झाली? जे असेल ते सांगा, वाईट अनुभवही सांगा.

रानजाई
सासऱ्यांसाठी हाच प्रश्न आहे. वाचतेय.

पानगळ
वाईट अनुभव माझा घ्या. २०१७ मध्ये वरच्या दाढेला झिर्कोनियाची कॅप बसवली. 'आयुष्यात फुटणार नाही' असं ऐकून बसवली होती. दोन वर्षांनी पेरूची बी दाताखाली आली आणि बाहेरच्या बाजूचा पापुद्रा निघाला. परत गेलो तर उत्तर मिळालं, आतली कॅप शाबूत आहे, वापरा तशीच. पैसे गेले त्यापेक्षा हे उत्तर जास्त लागलं. आजही ती तशीच आहे, खरखरीत. गालाची आतली बाजू घासली जाते.

मृद्गंध
केवडाताई, मी पुण्यात दंतवैद्य आहे, क्राऊन (म्हणजे कॅप) आणि ब्रिज हेच रोजचं काम. जरा सविस्तर लिहिते, कारण 'धातू की बिनधातू' हा प्रश्न दिसतो तितका एकच नाही.

आधी पानगळ यांच्या कॅपचं सांगते. तुमचं झिर्कोनिया फुटलेलं नाही, त्याच्यावर चढवलेला पोर्सेलिनचा थर निघाला आहे. सुरुवातीचं झिर्कोनिया खडूसारखं पांढरं, अपारदर्शक असायचं. ते दातासारखं दिसावं म्हणून त्यावर पोर्सेलिनचे थर भाजत. ताकद मेगापास्कलमध्ये मोजतात, आकडा जास्त तितका माल मजबूत. आतला गाभा साधारण १,००० मेगापास्कलचा, वरचं पोर्सेलिन १०० च्या आसपास. शिवाय झिर्कोनियातून उष्णता हळू जाते, त्यामुळे भट्टीतून काढताना कॅप घाईने थंड झाली तर वरच्या थरात ताण राहून जातो. टवके त्यामुळेच उडत. आता दाढेला मी थर चढवतच नाही, संपूर्ण कॅप एकाच झिर्कोनियाची करते. तुमची खरखरीत जागा डायमंडच्या पॉलिशिंग रबराने गुळगुळीत करता येते, एका बैठकीचं काम आहे. ते जरूर करून घ्या, कारण खरखरीत पोर्सेलिन समोरच्या दाताचं एनॅमल झिजवतं.

आता आई. बिनधातूमध्ये आज मुख्य दोन पदार्थ. एक लिथियम डायसिलिकेट. ही काचेच्या जातीची सिरॅमिक, ताकद साधारण ४०० ते ५०० मेगापास्कल. प्रकाश आत शिरतो, म्हणून पुढच्या दाताला ती फार सुंदर दिसते. पण तिचा ब्रिज फार तर दुसऱ्या उपदाढेपर्यंतच करायचा. आईचा ब्रिज मोठ्या दाढेचा आहे, तिथे ती नको. दुसरा पदार्थ झिर्कोनिया, आणि त्यातही जाती आहेत. त्यात यिट्रियम ऑक्साइड मिसळतात. ३ टक्क्यांच्या आसपास मिसळलं की सर्वांत मजबूत जात, ५ टक्क्यांच्या आसपास मिसळलं की जास्त पारदर्शक पण ताकदीने बरीच कमी. दुकानात दोन्ही 'झिर्कोनिया'च. तेव्हा डॉक्टरांना नुसतं 'झिर्कोनिया ना?' असं विचारू नका, 'दाढेच्या ब्रिजसाठी कोणती जात?' असं विचारा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट जागेची. खोटी दाढ शेजारच्या दोन कॅपना जिथे जोडली जाते तो सांधा ब्रिजमधला सर्वांत नाजूक भाग. मागच्या तीन दातांच्या ब्रिजला प्रत्येक सांध्याचा छेद किमान ९ चौरस मिलिमीटर हवा. दात मुळात बुटके असतील, हिरडीवर आलेला भाग कमी असेल, तर एवढी उंची मिळत नाही, आणि तिथे मी स्वतः अजूनही धातूच वापरते. दुसऱ्या डॉक्टर चूक आहेत असं तोंड न पाहता मी म्हणणार नाही.

हिरडीबद्दल. जुन्या कॅपचा आतला धातू बऱ्याचदा निकेल-क्रोमियम असे. कानाच्या पाळीचं वर्णन निकेलच्या ॲलर्जीशी जुळतं. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून पाहतात, मग पुन्हा एक-दोन दिवसांनी. पण त्वचेला निकेल चालत नाही म्हणून हिरडी त्यामुळेच लाल आहे असं धरू नका. माझ्या पाहण्यात ब्रिजच्या कडेची लाल हिरडी बहुतेक वेळा कड नीट न बसल्यामुळे आणि तिथे अन्न साचल्यामुळे असते. ते कारण असेल तर सोन्याची कॅप घाला की झिर्कोनियाची, रक्त येतच राहील.

जुनी पेठ
माहितीपूर्ण प्रतिसाद. पण हे सगळं नवं फॅड तर नाही ना? धातूच्या कॅप आमच्या वडिलांच्या तोंडात तीस वर्षं टिकल्या. आणि झिर्कोनियम हाही धातूच की, मग 'बिनधातू' कसं?

मृद्गंध
उलट आहे. नुसत्या सिरॅमिकची कॅप आधी आली, धातूवर पोर्सेलिन चढवलेली नंतर. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे दंतवैद्य चार्ल्स लँड यांनी १८८० च्या दशकात प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर पोर्सेलिन भाजून दाताची पूर्ण कॅप केली. (अटलांटिक महासागर विमानाने एकट्याने पार करणारे लिंडबर्ग, त्यांचे हे आईकडचे आजोबा.) कॅप दिसायला छान, पण तडकायच्या. म्हणून १९६० च्या दशकात धातूवर पोर्सेलिन पक्कं भाजायची रीत आली आणि ती जगभर पसरली. वडिलांच्या कॅप त्या परंपरेतल्या, आणि तीस वर्षं टिकल्या हे कौतुकाचंच आहे. तेव्हापासूनची सगळी धडपड धातूचा आधार न घेता ती ताकद आणायची.

झिर्कोनियम धातू खरा, पण कॅप त्याच्या ऑक्साइडची असते. माणिक म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. त्याला आपण धातू म्हणत नाही, तसंच हे.

भट्टी
धागा बघून राहवलं नाही. मी कोल्हापुरात दातांच्या लॅबमध्ये काम करतो, २२ वर्षं झाली. तुमच्या तोंडात बसतं ते आमच्या हातातून जातं, पण पेशंटशी आमची गाठ कधी पडत नाही.

झिर्कोनिया आमच्याकडे चकतीच्या रूपात येतं. ९८ मिलिमीटर व्यासाची, हातात घेतली तर पाटीवर लिहायच्या खडूसारखी, नखाने ओरखडा उठेल इतकी मऊ. डॉक्टरांनी पाठवलेलं माप स्कॅन करून संगणकावर दाताचा आकार करायचा आणि मशीन तो चकतीतून कोरून काढतं. मात्र कोरतं मोठा. भट्टीत हा माल २० ते २५ टक्के आक्रसतो, म्हणून किती पट मोठं कोरायचं तो गुणांक प्रत्येक चकतीवर छापलेला असतो. तो चुकीचा भरला की अख्खं काम वाया. कोरलेली कॅप लहान मुलाच्या खेळण्यातल्या दाढेसारखी दिसते, फुगीर. ब्रशने तिची पूड झाडतो, कड भिंगाखाली बघतो. या वेळी केसाएवढी चीर गेली आणि नजरेतून सुटली, तर पुढे तोंडात फुटते. मग भट्टी, १,५०० अंशांच्या आसपास. आम्ही संध्याकाळी लावतो, सकाळी उघडतो. लांब ब्रिज आत वाकू नये म्हणून झिर्कोनियाच्याच बारीक मण्यांवर ठेवतो. सकाळी बाहेर येते ती कॅप टेबलावर टाकली तर नाण्यासारखी वाजते. रोज बघतो, तरी तो आवाज ऐकायला मला अजून आवडतो.

ताकद कुठून येते ते आमच्या सरांनी सांगितलं होतं. साध्या चिनीमातीत चीर गेली की ती पळत सुटते. झिर्कोनियात चिरेच्या टोकापाशी ताण आला की तिथले कण आपला आकार बदलतात आणि तीन ते पाच टक्के फुगतात. फुगल्यामुळे चीर दोन्ही बाजूंनी दाबली जाऊन थांबते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९७५ मध्ये हे मांडलं तेव्हा लेखाचं शीर्षकच 'सिरॅमिकचं पोलाद?' असं होतं. जास्त पारदर्शक जातीत हे फुगणारे कण कमी असतात, म्हणून मृद्गंध मॅडम सांगतात तसा ताकदीत फरक.

बायकांच्या कुड्यांतला अमेरिकन डायमंडही झिर्कोनियाच. त्यात मिसळण जास्त, म्हणून तो आरपार चमकतो.

आता मनातलं. कॅप लॅबमध्ये बिघडते त्यापेक्षा जास्त मापात बिघडते. हिरडीतून रक्त येत असताना माप घेतलं की कड पुसट येते. आम्हाला तिथे दात कुठे संपतो आणि हिरडी कुठे सुरू होते तेच दिसत नाही, आणि अंदाजाने रेघ ओढावी लागते. त्या अंदाजाच्या जागी पुढे फट राहते, फटीत कीड जाते. मी असं माप परत पाठवतो. काही डॉक्टर रागावतात, पण ज्यांचं काम वर्षानुवर्षं टिकतं ते लगेच दुसरं माप पाठवतात. केवडाताई, आईची हिरडी आधी बरी होऊ द्या. टेम्पररी ब्रिजवर दोन-तीन आठवडे गेले तरी चालतील.

रानजाई
भट्टी, हे असं कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मनापासून आभार. वॉरंटी कार्ड मिळतं १० वर्षांचं वगैरे, त्यावर विश्वास ठेवावा का?

भट्टी
कार्ड मागून घ्याच. लाव्हा, सेरकॉन, ब्रुक्सझिर अशी नावं असतात, कार्डावर नंबर असतो, तो कंपनीकडे पडताळता येतो. पण ते कॅपच्या मालापुरतं. आतला दात किडला, डॉक्टरांची फी, पुन्हा तासणं, यातलं काही त्यात येत नाही. कमी वर्षांचं कार्ड आणि स्वच्छ माप असेल तर माझ्या घरच्यांसाठी मी तेच निवडेन.

वर्धाकाठ
शेडबद्दल, म्हणजे कॅपचा रंग शेजारच्या दातांशी जुळवण्याबद्दल सांगतो. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लहानपणापासून सगळ्यांचे दात पिवळट, तपकिरी डागांचे. मोटरसायकलवरून पडून माझा पुढचा दात अर्धा गेला, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. शिकाऊ डॉक्टरताईंनी मला खिडकीशी बसवलं, दुपारचे साडेअकरा असतील. शेडच्या सोळा दांड्या (टोकाला नमुन्याचा दात असलेल्या) एकेक करून दाताशी धरल्या, एकही जुळेना. मग त्यांनी कागदावर माझ्या शेजारच्या दाताचं चित्र काढलं. डाग कुठे, केवढा, रेघ कशी तिरकी जाते, सगळं. वर फोटो. त्यांच्या सरांनी मला विचारलं, डाग हवेत की नकोत? मी म्हटलं, हवेत. शेजारी सगळे तपकिरी आणि मधे एक पांढराशुभ्र, तर पडलेला दात आयुष्यभर सांगत बसावं लागलं असतं. फेऱ्या बऱ्याच झाल्या, पण आज घरच्यांनाही कोणता दात खोटा ते ओळखू येत नाही.

मृद्गंध
वर्धाकाठ, त्या मुलीचं काम खरंच शिकण्यासारखं आहे. एक जोड देते. शेड दात तासायच्या आधीच ठरवायची. तोंड उघडं ठेवून दात सुकला की तो असतो त्यापेक्षा पांढरा दिसतो, आणि मग कॅप उजळ येते. लिपस्टिक पुसून जावं, भडक रंगाची साडी वा ओढणी नको.

आणि केवडाताई, आईच्या पुढच्या दातात आत, कॅपला आधार म्हणून मुळात रोवलेली धातूची खुंटी असेल तर डॉक्टरांनी लॅबला आतल्या खोडाचा, म्हणजे कॅपखालच्या तासलेल्या भागाचा रंगही कळवायला हवा. लिथियम डायसिलिकेटमधून काळं खोड मागून डोकावतं. तिथे अपारदर्शक झिर्कोनियाचा आतला कोट आणि फक्त दर्शनी बाजूला पोर्सेलिन, असं करावं लागतं.

नेकारकाठ
जर्मनीत, श्टुटगार्टला असतो. इकडची पद्धत सांगतो. सरकारी विमा कॅप-ब्रिजला ठरावीक अनुदान देतो, तेही ठरलेल्या साध्या उपचाराच्या खर्चावर ६० टक्के. तो साधा उपचार म्हणजे धातूची कॅप, आणि दिसणाऱ्या दातांनाच पांढरा थर. झिर्कोनिया हवं तर वरचा फरक आपल्या खिशातून. पण दरवर्षी दात तपासून पुस्तिकेत शिक्का घेतला असेल तर पाच वर्षांनी तेच अनुदान ७० टक्के होतं, दहा वर्षांनी ७५. पहिली चार वर्षं मी शिक्के घेतलेच नाहीत, काही दुखत नव्हतं म्हणून. नव्याने येणाऱ्या मराठी मुलांना मी आता पहिल्याच महिन्यात ती पुस्तिका घ्यायला लावतो. कामाआधी खर्चाचा लेखी आराखडा मिळतो, त्यात कोणत्या दाताला कोणता पदार्थ हे लिहिलेलं असतं. आपल्याकडेही असा कागद मागायला काय हरकत आहे?

सुरंगी
मृद्गंध, माझ्या लेकीला वरचा सुळ्याशेजारचा दात जन्मतः आलाच नाही. आता १९ वर्षांची आहे. ब्रिजसाठी दोन्हीकडचे चांगले दात तासावे लागतील असं सांगितलंय. मन धजत नाही.

मृद्गंध
सुरंगीताई, थांबा, तासू देऊ नका. यासाठी एका पंखाचा झिर्कोनिया ब्रिज असतो. खोट्या दाताला एकच पातळ पंख, तो शेजारच्या एका दाताच्या मागच्या बाजूने चिकटवतात. तासणं अगदी थोडं, एनॅमलपुरतं. जर्मनीतल्या कील विद्यापीठाचे मथियास कर्न यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय आणि दहा वर्षांपर्यंतचे त्यांचे निकाल फार चांगले आहेत. दोन पंखांपेक्षा एक पंख बरा, कारण दोन दात चावताना वेगवेगळे हलतात आणि एक पंख गुपचूप सुटतो.

सगळा भरवसा चिकटवण्यावर मात्र. काचेच्या सिरॅमिकला हायड्रोफ्लुओरिक ॲसिडने खडबडीत करता येतं, झिर्कोनियात काचच नाही, त्यामुळे त्या ॲसिडचा उपयोग होत नाही. त्यावर ॲल्युमिनाची बारीक पूड फवारतात आणि एमडीपी (झिर्कोनियाला धरून ठेवणारं रसायन) असलेलं प्रायमर, म्हणजे चिकटवण्याआधीचा द्रव, लावतात. तोंडात बसवून पाहताना लाळ लागली तर ती नीट साफ करूनच चिकटवायचं. हे काम नेहमी करणारा प्रोस्थोडॉन्टिस्ट (कृत्रिम दातांचा तज्ज्ञ) शोधा. लेकीचा चावा फार खोल असेल तर हे जमणार नाही, ते मात्र तपासूनच कळेल.

सुरंगी
डोळ्यांत पाणी आलं. उद्याच फोन करते.

केवडा
मंडळी, सात आठवड्यांनी धागा वर काढतेय.

पॅच टेस्ट झाली, निकेलला पॉझिटिव्ह. म्हणजे कानातल्यांचा उलगडा झाला. ब्रिज मात्र कापून काढला तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावून दाखवलं. उपदाढेच्या कडेला बारीक सुई सरळ आत जात होती, खाली दात किडून मऊ झालेला. एक्स-रेमध्ये हे धातूमागे लपलं होतं. वाईट वाटलं, कारण आईला तिथे काहीच दुखत नव्हतं. आधीच रूट कॅनाल झालेला दात तो, दुखणार कसा? पुन्हा रूट कॅनाल करून फायबरची खुंटी घातली. डॉक्टर म्हणाले, हिरडीच्या वर सगळीकडून दोन मिलिमीटर दात शिल्लक आहे म्हणून वाचवतो, नाहीतर काढावा लागला असता.

टेम्पररी ब्रिजवर तीन आठवडे ठेवलं. बाराव्या दिवशी आईचा फोन, ब्रशला रक्त लागलं नाही. भट्टी यांचा प्रतिसाद मी डॉक्टरांना वाचून दाखवला होता. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. माप घेताना पहिलं त्यांनीच बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं.

ब्रिज एकसंध झिर्कोनियाचा, मजबूत जातीचा. बसवताना चावा थोडा उंच लागला, घासल्यावर त्यांनी बराच वेळ पॉलिश केलं. पुढच्या दातात खरंच धातूची खुंटी निघाली, म्हणून मृद्गंध यांनी सांगितलं तसंच आतून अपारदर्शक, दर्शनी बाजूला पोर्सेलिन. बसवून पाहिल्यावर आईने आरसा मागितला आणि हिरडीपाशी बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, रेघ गेली गं.

एक अडचण राहिली आहे. खोट्या दाढेखालून साफ करायला सुपरफ्लॉस (कडक टोकाचा, दात साफ करायचा दोरा) सांगितलाय, आईच्या घराजवळच्या दोन दुकानांत मिळाला नाही. दुसरं काय चालेल?

मृद्गंध
केवडाताई, फार बरं वाटलं वाचून. साधा फ्लॉस आणि प्लॅस्टिकचं थ्रेडर घ्या, सुईत दोरा ओवतो तसा फ्लॉस त्यात ओवून खोट्या दाढेखालून पलीकडे काढायचा. फटीत जाईल एवढाच इंटरडेंटल ब्रश (दातांमधल्या फटीचा बारीक ब्रश) दोन्ही बाजूंनी. रात्री जेवणानंतर एकदा पुरे. सहा महिन्यांनी दाखवायला जायचं, काही दुखत नसलं तरी.

भट्टी
ताई, सांगलीतल्या कोणत्याही डेंटल मटेरियलच्या दुकानात थ्रेडर मिळेल. नाही मिळालं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी कोल्हापूरहून पाठवतो.